बंद मशीनमधला आवाज

३ फेब्रुवारी, सोमवार

गॅरेजात होतो तेव्हा प्रत्येक इंजिनाला वहीत एक पान असायचं. तक्रार काय, सापडलं काय, केलं काय. गॅरेज माझ्या चेल्याच्या, सोमेश्वरच्या, हवाली करून तीन वर्षं झाली, तेव्हापासून या वहीला हात लावला नव्हता. आज काढली. इंजिन नाही, घरातलं कपडे धुवायचं मशीन आहे.

तक्रार: खालून पाणी येतं. रोज नाही, मधूनच. न्हाणीपासून मागच्या दारापर्यंत फरशी ओली होते.

मशीन करुणानं दिलेलं. नांदेडला दवाखान्यात सिस्टर आहे माझी लेक. चार वर्षांपूर्वी लग्न होऊन गेली आणि पहिल्या पगारातून हे पाठवून दिलं, आईच्या, मालनच्या, गुडघ्यांसाठी. ती म्हणते कंपनीत फोन करा. केला. तिकडची पोरगी काय बोलते काही कळेना, रेंजच खराब. एकच गोष्ट तीनदा विचारली तिनं. मी हो हो म्हणून ठेवून दिला.

तीस वर्षं ट्रॅक्टर आणि डिझेल इंजिनं केली. कळमनुरीत लोक सांगायचे, भीमराज पाईकराव आधी पाना उचलत नाही, आधी ऐकतो. एवढंसं मशीन काय सांगणार नाही मला.

५ फेब्रुवारी, बुधवार

पाणी आत घेणाऱ्या पाइपचा वॉशर कडक झाला होता. नवा टाकला. मशीन भरून, चालवून पाहिलं. कोरडं.

हत्यारं आवरत होतो तर मालन स्वयंपाकघरातून म्हणाली, "रोटी बंद करा." ही भाकरीला कधी रोटी म्हणत नाही, पण मला वाटलं जेवायला बोलावते. "आता नको, थोड्या वेळानं," म्हटलं. ती पदराला हात पुसत आली, माझ्याकडे बघितलं, मशीनमागे वाकून काहीतरी केलं आणि परत गेली. रागावली असावी. हल्ली बोलताना आवाज चढवते. पूर्वी अशी नव्हती.

१० फेब्रुवारी, सोमवार

चार दिवस फरशी कोरडी. सोमेश्वरला सांगूनही आलो की काम झालं.

काल दुपारी मालन बाजाराला गेली म्हणून चादरी मीच लावल्या. पाणी सगळं सुटलं, चादरी वाळत घातल्या, बटन बंद केलं. दीड-दोन तासांनी बघतो तर मागच्या दारापर्यंत पाणी. झाकण उघडलं तर टब काठोकाठ. रिकामा सोडलेला टब भरला कसा?

विचार केला, पाणी फेकणारी छोटी मोटर काम करत नसेल. पाणी आतच कुठेतरी राहत असेल आणि मागून उतरत असेल. मोटर खोलली. आत केसांची पिन आणि करुणाच्या जुन्या ड्रेसची गुंडी निघाली. साफ करून बसवली.

मालन माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि शब्द मोजून द्यावेत तशी बोलली. "अवो, पाणी अडकून न्हाई राहिलं. येऊन राहिलं. बटन बंद असलं तरी आत सूंऽ आवाज येतो."

गॅरेजातला स्क्रू पिळायचा लांब पेचकस आणला. टोक मशीनला लावलं, लाकडी मूठ कानाच्या हाडाला. असं करून मी इंजिनाचं बिघडलेलं नोझल ओळखत होतो, बेअरिंग ओळखत होतो. पाच मिनिटं ऐकलं. काही नाही. तसंही मशीन बंद, प्लग काढलेला, आवाज कुठून येणार? तिला तसं सांगितलं.

तिनं ओली फरशी पुसायला फडकं उचललं. मग म्हणाली, "बराबर हाय तुमचं."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सोमेश्वर येऊन गेला. माझ्याकडे शिकायला आला तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं, आता त्याची पोरं दहावी-बारावीत आहेत. अजून मला उस्ताद म्हणतो. मशीनपाशी बसला, मान वाकडी करून थांबला. मालनकडे बघितलं. मालननं त्याच्याकडे बघितलं. दोघं काहीतरी बोलले. मी विचारलं काय म्हणाला, तर तो एकदम मोठ्यानं, "उस्ताद, तोटीकडून बघत येऊ का?"

"तिकडचा वॉशर मी बदललाय," म्हटलं. मग त्यानं आग्रह केला नाही.

चहा घेताना मी त्याला विचारलं, आजकाल इंजिन ऐकायला का नेत नाहीस. पूर्वी आठवड्याला एखादं तरी इंजिन असायचं, न्यायला मोटरसायकल घेऊन यायचा. शेवटचं मागच्या वर्षी, औंढ्याकडचा एक ट्रॅक्टर. मी ऐकून नोझल खराब म्हणून सांगितलं होतं. त्यानंतर काही नाही.

"कामच कमी हाय उस्ताद," म्हणाला.

परवा नांदेड रोडनं गेलो तेव्हा गॅरेजपुढे चार ट्रॅक्टर उभे होते. असू दे. त्यालाही वाटत असेल, आता आपलं आपण करावं. मीही माझ्या उस्तादाला असंच सोडलं होतं.

मात्र रिकामं बसणं अवघड जातं. हे मशीन गळायला लागल्यापासून सकाळी उठायला काहीतरी कारण आहे, हेही खरं लिहून ठेवतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. नांदेड, करुणाच्या घरी

काल लिहिणं झालं नाही.

काल सकाळी मोटरचं सील बदललं. तोटी उघडून मशीन चालवलं, सगळं ठीक. बंद केलं आणि पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसलो. मालन दारात येऊन काहीतरी म्हणाली. मी पेपरातूनच हो म्हटलं. ती धान्य निवडायला मागे गेली, की पुढे अंगणात, लक्ष दिलं नाही.

तास-दीड तास गेला असेल. शेजारच्या निर्मलाबाई चपला पायात तशाच घेऊन माझ्यासमोरून थेट आत पळाल्या. मला रागच आला. उठून मागे गेलो.

मालन पाण्यात पडलेली होती. उजवा हात अंगाखाली. निर्मलाबाई तिला बसतं करत होत्या. सगळीकडे पाणी, सूप उलटं, ज्वारी तरंगत होती.

मनगट डोळ्यांदेखत सुजलं. सोमेश्वरनं जीप काढली. नांदेडला फोटो काढला, हाड मोडलंय. सहा आठवडे प्लास्टर.

एक गोष्ट कळत नाही. मी दहा पावलांवर बसलो होतो. हिनं हाक का मारली नाही? विचारलं. म्हणाली, "दम कोंडला व्हता. हाक निघालीच न्हाई." करुणा पट्टी गुंडाळत होती. तिनं आईकडे पाहिलं आणि बाहेर निघून गेली.

डोळ्यांपुढून ते पाणी जात नाही. दोन आठवडे मी त्या मशीनशी खेळत बसलो आणि तिचा हात मोडला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काल घरी आलो. आज निर्मलाबाई वरण घेऊन आल्या. मालनजवळ बसल्या आणि तिचा चांगला हात हातात घेऊन म्हणाल्या, "किती हाका मारल्या गं तू. मी गच्चीवर पापड घालून राहिले व्हते, मला तिथवर ऐकू आलं. म्हणलं भाऊजी गावात गेलेत वाटतं."

त्या माझ्या समोरच होत्या, म्हणून मला सगळं कळलं. "मी घरीच होतो," म्हटलं.

निर्मलाबाईंनी मालनकडे बघितलं. मालन म्हणाली, "निर्मला, चहा टाक गं जरा, मला हातानं जमत न्हाई." दोघी आत गेल्या.

निर्मलाबाई घरी गेल्यावर मी माझं किल्लीचं घड्याळ काढलं. उजव्या कानाला लावलं. काही नाही. डाव्या कानाला लावलं. काही नाही. वाटलं बंद पडलं. बघितलं तर काटा चाललेला.

मालनला म्हटलं, तू स्वयंपाकघरात जा आणि तिथून मला हाक मार. ती नको म्हणाली. मी म्हटलं, जा. भिंतीकडे तोंड करून बसलो. कॅलेंडरवरचे आकडे वाचत राहिलो. वाट पाहिली. ती का हाक मारत नाही म्हणून शेवटी मागे वळलो.

ती दारातच उभी होती. डोळे भरलेले. म्हणाली, "तीनदा मारली."

मग मी विचारलं, "कधीपासून?"

"करुणाच्या लग्नापासून. मांडवात ग्यानोबादादा तुमच्याशी बोलून राहिला व्हता अन् तुमी तोंड फिरवून निघून गेलात. सगळ्या पाव्हण्यांदेखत. तवाच माझ्या ध्यानात आलं."

ग्यानोबा तिचा मोठा भाऊ, पुसेगावचा. लग्नानंतर त्यानं आमचा उंबरा ओलांडला नाही. मी समजत होतो, शेत वाढलं तसा माणूस वर गेला. तो माझ्याशी बोलल्याचं मला आठवतही नाही. आठवणार कसं?

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं व्हतं," मालन म्हणाली. "दोनदा. तुमी हो म्हणलात."

२२ फेब्रुवारी, शनिवार

झोप नाही. सकाळी चूळ भरून मशीनपाशी गेलो आणि मालनसाठी स्टूल ठेवलं. म्हटलं, तू ऐक. मी करतो.

प्लग काढला. टब कोरडा पुसला. तोटी सोडली. तिनं मशीनला कान लावला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"येऊन राहिला. सूंऽऽ."

तोटी बंद केली.

"थांबला."

पुन्हा सोडली. "आला." पुन्हा बंद. "गेला." दहा मिनिटांचं काम. वीज नसताना पाणी आत जातंय, म्हणजे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसत नाही. मागचं झाकण काढून व्हॉल्व्ह हातात घेतला. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार, ज्वारीच्या दाण्याएवढा, रबराखाली अडकलेला. रबर तिथंच चिरलेलं. तोटी चालू राहिली की बारीक धार आत, तास दोन तासांनी टब भरून बाहेर.

मग एक एक समजत गेलं. मालन कपडे झाले की तोटी बंद करायची, तिच्या दिवशी मशीन गळायचं नाही. गळायचं ते मी हात लावला की, कारण मी तोटी उघडी सोडायचो. त्या बुधवारी ती रोटी म्हणाली नव्हती. तोटी म्हणाली होती. आणि पडायच्या दिवशी दारात येऊन?

"तेच," ती म्हणाली. "तोटी बंद केली का इचारलं. तुमी हो म्हणलात. म्हणून मी निवांत बाहेर जाऊन बसले. येताना पाय घसरला."

मला तिच्या प्लास्टरकडे बघवेना म्हणून व्हॉल्व्हकडे बघत राहिलो. ती म्हणाली, "आता सापडलं न्हवं? लावा नवा." जणू मी फार मोठं काही शोधून काढलं होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

व्हॉल्व्ह हिंगोलीला मिळाला. लावला. तोटी सोडून मालननं कान लावला, बराच वेळ लावून ठेवला. "काहीच न्हाई." सापडलं: व्हॉल्व्ह. केलं: बदलला. पान संपलं.

येताना गॅरेजात थांबलो होतो. सोमेश्वरला बाजूला घेतलं. औंढ्याच्या त्या ट्रॅक्टरचं खरं काय होतं, विचारलं. तो हातातल्या फडक्याची घडी करत राहिला.

"बेअरिंग व्हती, उस्ताद. नोझल बदलून दिल्यावर चार दिवसांत इंजिन जाम झालं."

"गिऱ्हाइकाला काय सांगितलंस?"

"माझी चूक झाली म्हणून."

माझं नाव राहावं म्हणून त्यानं वर्षभर इंजिनं माझ्यापासून लांब ठेवली, आणि मी त्याला गर्विष्ठ समजत होतो. मी म्हटलं, "पुढच्या वेळी इंजिन घेऊन ये. ऐकायचं तू, खोलायचं मी." तो हसला नाही. "आणतो," म्हणाला.

१२ मार्च, बुधवार

नांदेडला तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसवून कानात आवाज सोडतात, ऐकू आला की बटन दाबायचं. मी बटन फार कमी दाबलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघ दाखवली, डावीकडे जाड आवाजांत बरी, उजवीकडे बारीक आवाजांत पार खाली गेलेली. बारीक आवाज आधी जातात म्हणाल्या. स, त, पाण्याची सूं, घड्याळाची टिकटिक. जाड आवाज राहतात, म्हणून माणसाला वाटतं आपलं ठीक आहे, लोकच नीट बोलत नाहीत. गेलेलं परत येणार नाही, यंत्रानं भागवायचं.

करुणा शेजारी बसली होती. मी तिला विचारलं, तुलाही माहीत होतं?

"तुम्ही फोनवर नुसतं हो हो करता, पप्पा," ती म्हणाली. "मी एकदा मुद्दाम म्हणलं, पप्पा मी नोकरी सोडू का. तुम्ही हो म्हणलात."

मला हसू आलं. तिला आलं नाही.

१९ मार्च, बुधवार

दोन्ही कानांत यंत्रं बसून चार दिवस झाले. सुख नाही. पेपर उलटला की पत्रा फाटल्यासारखं होतं. पंखा, चपला, ताटल्या, सगळं अंगावर येतं. जेवताना माझंच चावणं ऐकू येतं. दुपारी काढून ठेवतो. मालन काही म्हणत नाही.

पण आज दुसरीच गोष्ट ध्यानात आली. संध्याकाळी यंत्रं घालून बसलो, ती समोर लसूण सोलत होती, एका हातानं, मी पाकळ्या धरून देत होतो. घंटाभर बसलो असू. ती एक शब्द बोलली नाही. रागात नव्हती. नुसती गप्प.

मी म्हटलं, "आता ऐकू येतं की. बोल ना काही."

ती थोडी ओशाळली. "काय बोलू? सवय मोडली."

चार वर्षं ही एकटीच राहत होती या घरात. मी असून.

उद्यापासून दुपारी यंत्रं काढणार नाही.

२ एप्रिल, बुधवार

परवा प्लास्टर निघालं. हात बारीक झालाय, मूठ पूर्ण वळत नाही, रोज व्यायाम सांगितलाय. कपडे अजून मीच लावतो.

सकाळी चहाला मी म्हटलं, पुसेगावला जाऊ. ती कपाकडे बघत म्हणाली, "दादा काही बोलला तर?" मी म्हटलं, बोलावा म्हणूनच जायचंय.

४ एप्रिल, शुक्रवार. पुसेगाव

बुधवारीच निघालो. हिंगोलीला गाडी बदलून दुपारी पोचलो. ग्यानोबाभाऊ अंगणात हळद वाळत घालत होता. शिजवलेल्या हळदीचा वास सगळ्या आळीत. सत्तरीचा झाला, तरी फावडं दुसऱ्याच्या हातात देत नाही. बहिणीला बघून "ये माय" म्हणाला. तिचा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला. माझ्याकडे बघितलं नाही.

मी बाजेवर बसलो नाही. त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"भाऊ, करुणाच्या लग्नात तुमी माझ्याशी काय बोललात, ते मला ऐकू आलं नव्हतं. मी तवाच बहिरा झालो होतो. मला कळलं आता, फेब्रुवारीत."

तो हळद ओढत राहिला. फावड्याचा फरशीवरचा आवाज फार कर्कश होता, पण मी यंत्राला हात लावला नाही. थोड्या वेळानं त्याचा हात थांबला.

"कानात ते काय हाय, मशीन?"

"व्हय."

"चार वर्सं?" तो म्हणाला. "चार वर्सं मी म्हणून राहिलो, मेकॅनिकला मस्ती आली."

"मीही तुमच्याबद्दल असंच म्हणत होतो."

त्यानं फावडं भिंतीला टेकवलं आणि हळदीच्या कडेला खाली बसला. मीही बसलो. विचारलं, "काय बोलला होतात त्या दिवशी?"

"आता काय करायचं ते."

"मला ऐकायचंय."

तो जमिनीकडे बघत बोलला, हळू, आणि मला शब्द न शब्द कळला. "म्हणलं व्हतं, दाजी, लेक चालली, आता घर सुनं लागंल. चार दिस बहिणीला घेऊन आमच्याकडं ऱ्हायला या."

मालन दाराशी होती. ती आत निघून गेली.

मी हळदीचा एक तुकडा बाजूला सरकवला. मग म्हटलं, "आता राहिलो तर चालेल का?"

त्यानं मान वळवून आत बायकोला हाक मारली, "अगं, पाव्हण्याच्या भाकरी टाक."

आज तिसरा दिवस. सकाळी त्याच्याबरोबर हळद पालथी करतो, हात पिवळे झालेत, हे पानही पिवळं होतंय. मालन आणि तिची भावजय आत काय बोलतात ते सगळं ऐकू येत नाही, पण दोघी एकसारख्या बोलतायत एवढं कळतं.

ग्यानोबाभाऊ फार बोलतो. लग्नानंतर या घरात काय काय झालं ते तो मला क्रमानं सांगतोय, कोणता बैल विकला, कोण आजारी पडलं, कुणाच्या शेतात कुणी बोअर मारलं. मधे काही निसटलं की मी त्याला थांबवतो आणि तो न कंटाळता परत मागून सुरू करतो. आज दुपारपर्यंत दुसऱ्या वर्षाच्या पेरणीपर्यंत आलो आहोत.